एका रिकाम्या जागेने सर्व्हर बंद पडला, आता पुढे काय?

पत्र: नमस्कार. मी गोव्यात डिचोली तालुक्यात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. वय ४६. माझे बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांची भजनं, सप्ताह आणि चतुर्थीत घुमट या वाद्यावर होणाऱ्या आरत्या असलेल्या साठेक कॅसेटी घरात होत्या, त्या आम्ही संगणकावर उतरवून घेतल्या. भाचा नोकरीसाठी बंगळूरला जाताना जुना लॅपटॉप मला देऊन गेला. त्यावर डेबियन नावाची संगणकप्रणाली घालून दिली आणि म्हणाला, मावशी, हा तुझा सर्व्हर. मला एवढंच हवंय की बाबांची ध्वनिमुद्रणं आणि घरचे फोटो एका जागी राहावेत, चतुर्थीला सगळे जमतात तेव्हा ज्याला हवं त्याला आपल्या फोनवर ऐकता यावं, आणि बाहेरगावी असतात त्यांनाही मिळावं. व्हिडिओ बघत बघत बरंच जमलं. मग भजनाचं फोल्डर फोनवरून उघडेना, म्हणून एका व्हिडिओतला आदेश टाकला: "सुडो सीएचमॉड -आर ७७७ / एसआरव्ही/भजन". बराच वेळ ओळींवर ओळी येत राहिल्या, शेवटी अशी फाइलच नाही म्हणाला. तेव्हापासून सुडो म्हटलं की "सेटयूआयडी बिट" असं काहीतरी बोलतो, आणि लॅपटॉप बंद करून चालू केल्यावर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आतही जाता येत नाही. यजमान म्हणतात, सोड हे, पैसे भरून क्लाउडवर ठेव. मुद्रणं गेली का? आणि या वयात हे शिकायला घेतलं ते चुकलं का?

ताई,

बाबांची मुद्रणं गेलेली नाहीत. हे पहिल्यांदा सांगतो, कारण पत्र लिहिताना तुमच्या मनात तीच धाकधूक असणार. सीएचमॉड फाइलीच्या आतल्या मजकुराला हात लावत नाही. ती फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी आणि कोणी चालवावी, एवढंच तो ठरवतो. साठही कॅसेटींचा आवाज डिस्कवर जसाच्या तसा आहे. तो बाहेर काढून सुरक्षित जागी ठेवेपर्यंत त्या लॅपटॉपवर नवा एकही आदेश टाकू नका, आणि कोणी "हे करून बघ" म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

आता तुम्ही टाकलेली ओळ पाहू. तुम्ही ती अक्षरश: जशीच्या तशी उतरवून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण दोष त्या ओळीतच दिसतो. तिरक्या रेघेनंतर एक रिकामी जागा पडली आहे. युनिक्समध्ये, म्हणजे डेबियन ज्या घराण्यातलं आहे त्यात, रिकामी जागा म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला. तुम्हाला सांगायचं होतं एकच ठिकाण, यंत्राने ऐकली दोन. पहिलं नुसती तिरकी रेघ, म्हणजे संपूर्ण यंत्राचं मूळ, ज्याच्या पोटात बाकी सगळं येतं. दुसरं "एसआरव्ही/भजन", जे तुम्ही उभ्या होतात तिथे नव्हतंच, म्हणून शेवटी "अशी फाइल नाही". आणि "-आर" म्हणजे आत आत, तळापर्यंत जा. त्याने सांगितलं तसं केलं. गंमत अशी की फाइली पुसणारा आरएम हा आदेश नुसती तिरकी रेघ दिली तर आजकाल स्वत:हून अडतो. सीएचमॉडला तसा अडसर मुळात घातलेला नाही, तो न विचारता पुढे जातो.

७७७ चा अर्थ कळला की पुढचं आपोआप उलगडतं. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. तिन्ही मिळून ७. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे ७७७ ने तुम्ही यंत्रावरच्या प्रत्येक फाइलीबाबत प्रत्येकाला सर्व हक्क देऊन टाकले. सुडोच्या फाइलीवर या तीन आकड्यांच्या जोडीला आणखी एक खूण असते, सेटयूआयडी. ती असते म्हणून साधा वापरकर्ता सुडोमार्फत मुख्य प्रशासकाचं काम करू शकतो. साधे तीन आकडे दिले की ती खूण पुसली जाते, आणि सुडो तुम्हाला नेमकं तेच सांगत होता. एसएसएचचं कारण वेगळं. त्याची खाजगी किल्ली एका फाइलीत असते. ती कोणालाही वाचता येते आहे असं दिसलं की तो ती वापरायला साफ नकार देतो आणि सुरूच होत नाही. तो सुरक्षेसाठी अडून बसला आहे, आणि त्याचं बरोबर आहे.

तुम्ही विचाराल, मग हे हक्क पूर्ववत करता येणार नाहीत का? सुडो आणि एसएसएच तेवढे परत चालू करता येतील. पण यंत्रावर हजारो फाइली आहेत, प्रत्येकीचे मूळ हक्क निराळे, आणि त्यांची नोंद तुमच्याकडे नाही. वरवर चालणारं पण आतून सताड उघडं यंत्र तुमच्या हाती राहील. माझं स्पष्ट मत आहे: हे दुरुस्त करत बसू नका. डेबियन नव्याने घाला.

त्याआधी मुद्रणं बाहेर काढायची. शाळेतल्या किंवा घरातल्या दुसऱ्या संगणकावर डेबियनची लाइव्ह प्रत, म्हणजे काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारी, उतरवून ती एका रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. लॅपटॉप चालू करताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीच्या लॅपटॉपला जी कळ लागत असेल ती दाबून पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि लाइव्ह हा पर्याय निवडा. "इन्स्टॉल" कुठे दिसलं तरी त्याला हात लावू नका. पडद्यावर फोल्डरं दिसू लागतील, त्यांत लॅपटॉपची आतली डिस्कही दिसेल. ती उघडून भजनाचं फोल्डर आणि फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. हक्कांची अडचण येणार नाही, ७७७ मुळे सगळं सगळ्यांना वाचता येतंच आहे. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाच-सहा भजनं ऐका, अधूनमधून पुढे सरकवून, शेवटापर्यंत. फाइल दिसते म्हणजे ती धड आहे असं नसतं. वाजली म्हणजे धड. त्यानंतर डिस्क काढून कपाटात ठेवा. नवी मांडणी करताना ती लॅपटॉपला जोडलेली असता कामा नये. इन्स्टॉल करताना "कोणती डिस्क पुसू?" असा प्रश्न येतो. मोलाची डिस्क जोडलेलीच नसली की चुकून ती पुसली जाऊच शकत नाही.

आता डेबियन. ऑगस्ट २०२५ मध्ये तेरावी आवृत्ती आली, तिचं नाव ट्रिक्सी. तीच घ्या. एवढंच पाहा की लॅपटॉप ६४ बिटचा आहे, कारण जुन्या ३२ बिट यंत्रांसाठी या आवृत्तीत इन्स्टॉलर दिलेला नाही. भाच्याने घालून दिलेलं चालत असेल तर ही अडचण बहुधा येणार नाही, पण त्याला विचारून घ्या. इन्स्टॉल करताना दोन जागा लक्षात ठेवा. रूट म्हणजे मुख्य प्रशासकाचा पासवर्ड विचारतील तेव्हा तो रकाना रिकामा सोडा. मग रूट बंद राहतो आणि तुमच्या नावाच्या वापरकर्त्याला सुडो आपोआप मिळतो. शेवटी काय काय घालायचं याची यादी येते, तिथे डेस्कटॉपच्या खुणा काढून टाका, "एसएसएच सर्व्हर" आणि "नेहमीची साधनं" या दोनच ठेवा. काळा पडदा आणि लुकलुकणारी चौकट एवढंच उरेल. घाबरू नका. कमी गोष्टी असल्या की कमी मोडतात, आणि जे मोडेल ते सापडतं.

आता मला जे तुम्हाला मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. घरचा सर्व्हर चालवता येणं म्हणजे तो मोडल्यावर स्वत:च्या वहीवरून पुन्हा उभा करता येणं. पहिल्यांदा उभा करायला व्हिडिओ पुरतो, भाचाही पुरतो. पण तो कधी ना कधी मोडणारच: डिस्क जाईल, लॅपटॉप जाईल, एखादी ओळ चुकेल. त्या दिवशी भाचा मीटिंगमध्ये असेल आणि व्हिडिओ जुन्या आवृत्तीचा निघेल. म्हणून एक साधी रेघांची वही घ्या. तुम्ही शाळेत पाठटाचण काढता, ती सवय इथे थेट उपयोगी पडेल. प्रत्येक आदेश टाकण्याआधी वहीत हाताने लिहा: तारीख, ओळ, आणि बाजूला एका वाक्यात, हे मी का करते आहे. कारण लिहिता आलं नाही तर ती ओळ टाकायची नाही. व्हिडिओतून घेतलेली असो, भाच्याने पाठवलेली असो, किंवा मी इथे सांगितलेली असो. हाताने लिहिताना रिकामी जागा डोळ्यांना दिसते, आणि "-आर" का आहे हा प्रश्न मनात येतो. चिकटवून टाकलेल्या ओळीत तो येत नाही.

वही भरली, सर्व्हर चालू झाला, दोन भजनं फोनवर वाजली, की पुढची पायरी अशी आहे जी कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. सगळं पुसा. मुद्दाम. त्या वेळी यंत्रावर मोलाचं काही नसेल, मूळ मुद्रणं बाहेरच्या डिस्कवर असतील. पेनड्राइव्ह लावा, आणि फक्त वही समोर ठेवून सर्व्हर पुन्हा उभा करा. वहीत कुठे "मग ते केलं" असं मोघम लिहिलंय ते तिथेच कळेल. तो भाग नीट लिहून काढा. दुसऱ्या फेरीला पहिल्यापेक्षा फारच कमी वेळ लागतो, आणि ती संपली की मनातली भीती जाते. माझ्या पाहण्यातले जे लोक हे काम शांतपणे करतात, ते सगळे असेच शिकलेले आहेत. बाबांचा पूर्ण खजिना यंत्रावर चढवायचा तो या दुसऱ्या फेरीनंतर.

किती आदेश शिकायचे? थोडेच. कुठे आहोत हे सांगणारा पीडब्ल्यूडी, काय काय आहे ते दाखवणारा एलएस, जागा बदलायला सीडी, वाचायला लेस, लिहायला नॅनो, आणि सीपी, एमव्ही, एमकेडीआयआर. किती जागा उरली ते डीएफ सांगतो, कोणी किती खाल्ली ते डीयू. एखादी सेवा चालू आहे का हे सिस्टिमसीटीएल सांगतो, आणि ती का चालत नाही हे जर्नलसीटीएल. हा शेवटचा लवकर शिका. काही अडलं की आपण अंदाज बांधत बसतो, आणि यंत्राने कारण तिथे केव्हाच लिहून ठेवलेलं असतं. तुमच्या एसएसएचनेही लिहिलेलं असणार, की किल्लीचे हक्क फार मोकळे आहेत. कोणत्याही आदेशाआधी "मॅन" लिहिलं की त्याची माहिती उघडते, क्यू दाबलं की बंद होते. माहितीपत्रक इंग्रजीत आणि फार दाट असतं. वरून वाचायला घेऊ नका. तळाशी उदाहरणं असली तर आधी ती पाहा, मग जो पर्याय वापरायचा आहे तेवढाच शोधून वाचा.

वयाचं विचारलंत म्हणून सांगतो. युनिक्सची सुरुवात १९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. त्याचं पहिलं मॅन्युअल नोव्हेंबर १९७१ चं. त्यात एलएस, सीपी, एमव्ही, आरएम, डीएफ, डीयू आहेत, आणि तुम्हाला ज्याने रडवलं तो सीएचमॉडही आहे. तुमचं डेबियन ज्या लिनक्सवर उभं आहे ते १९९१ चं, म्हणजे बरंच नंतरचं आणि नव्याने लिहिलेलं, तरी तेच आदेश त्याने उचलले. फोनमधली बटणं दर वर्षी जागा बदलतात आणि दर वर्षी नव्याने शिकावं लागतं. इथे ४६ व्या वर्षी शिकलेलं ७० व्या वर्षीही चालेल. म्हणून मला वाटतं, उशिरा सुरुवात करणाऱ्याने शिकायला याच्याइतकी किफायतशीर गोष्ट क्वचितच असेल. चुकलं म्हणू नका.

मूळ अडचणीकडे येऊ, फोल्डर फोनवरून उघडत नव्हतं ती. सांबा नावाची सेवा घरातल्या वायफायवर फोल्डर दाखवते, आणि फोनमध्ये व्हीएलसी हा प्लेअर असला की तो ते फोल्डर उघडून आतलं गाणं वाजवतो. सुरुवातीला एवढंच पुरे. गाणी-व्हिडिओंसाठी जेलीफिन, फोटोंसाठी इमिच वगैरे देखणी सॉफ्टवेअरं आहेत, पुढच्या वर्षी बघा. फोल्डर उघडत नाही तेव्हा जवळपास नेहमीच सांबा ज्या वापरकर्त्याच्या नावाने आत जातो त्याला त्या फोल्डरचा हक्क नसतो. त्यासाठी "घर" नावाचा एक गट करा, तो वापरकर्ता त्यात घाला, भजनाचं फोल्डर त्या गटाच्या नावे करा. फोल्डरांना ७५०, आतल्या फाइलींना ६४०. आता हे आकडे तुम्हाला वाचता येतात: तुम्हाला पूर्ण हक्क, घरच्यांना फक्त वाचणं, परक्याला काही नाही. फोल्डरच्या बाबतीत "चालवणं" म्हणजे आत पाऊल टाकणं, म्हणून तिथे गटाला ५, फाइलीला ४. चतुर्थीला आलेल्या कुठल्याही पोराने फोनवर काहीही दाबलं तरी आजोबांची आरती पुसली जाणार नाही. आणखी एक काम: राउटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता कायमचा ठरवून टाका, नाहीतर एक दिवस तो बदलेल आणि सगळे म्हणतील सर्व्हर बंद पडला.

प्रतींसाठी आरसिंक वापरा. तो फक्त बदललेलंच कॉपी करतो. त्याच्यातही एक खाचखळगा आहे. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं. नाही दिली तर फोल्डरसकट जातं. आणि "डिलीट" हा पर्याय लावला तर मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही पुसतो. हे दोन एकत्र चुकले की प्रत रिकामी होते. म्हणून आधी "-एन" लावून चालवा. तो प्रत्यक्षात काहीही न करता काय काय करणार ते दाखवतो. यादी वाचा, बरोबर वाटली तर "-एन" काढून पुन्हा. हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

तीन प्रती हव्यात: एक सर्व्हरवर, एक घरातल्या बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी. फोंड्याला बहीण असेल, मडगावला दीर असेल, त्यांच्याकडे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने लावून एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटवलं की प्रत झाली असं काही जण सांगतील. ती प्रत नव्हे, कारण चुकून पुसलेलं तिथे दोन्हीकडून एकाच क्षणी पुसलं जातं. जागा फार लागत नाही. सीडीच्या दर्जाचा न दाबलेला आवाज मिनिटाला साधारण १० एमबी होतो. ९० मिनिटांची कॅसेट १ जीबीच्या आतबाहेर, साठ कॅसेटी ६० जीबीच्या घरात. फ्लॅक या प्रकारच्या फाइलीत बदललं तर आवाजात काहीही न गमावता साधारण निम्म्यावर येतं. तुम्ही फक्त एमपी३ ठेवलं असेल आणि कॅसेटी अजून वाजत असतील, तर घुमटाची आणि शामेळाची आरती तरी परत पूर्ण दर्जात उतरवून घ्या. कातड्याच्या वाद्याचा ठोका दाबलेल्या फाइलीत बोथट होतो. कॅसेटी टाकून देऊ नका. उभ्या ठेवा, कोरड्या ठेवा, आणि वरच्या कडेच्या दोन्ही टोकांच्या छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या मोडलेल्या नसतील तर मोडा, म्हणजे त्यांच्यावर चुकून दुसरं काही मुद्रित होणार नाही.

कोरड्या म्हटलं, पण आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर हे म्हणणं सोपं नाही. चालू सर्व्हर स्वत:च्या उबेने तसा कोरडा राहतो. त्याला फक्त भिंतीला टेकवू नका आणि बंद कपाटात कोंडू नका. ओल खाते ती कपाटात पडून असलेली डिस्क. ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्यात बदला. कॅसेटींनाही तेच, बुरशी एकदा फितीवर चढली की ती पुढच्या कॅसेटीला आणि प्लेअरलाही लागते.

विजेचं जास्त गंभीर आहे. लॅपटॉपला स्वत:ची बॅटरी असते, म्हणून वीज ये-जा करत असेल तर तो डेस्कटॉपपेक्षा नक्कीच बरा. यूपीएस आतच बसलेला आहे. वायफायचा राउटर मात्र बंद पडेल, त्याला छोटा यूपीएस मिळतो. जुनी बॅटरी दिवसरात्र चार्जिंगला राहिली की फुगू शकते. लॅपटॉपचं बूड टेबलावर डुगडुगायला लागलं किंवा टचपॅड वर आलं तर तो त्याच क्षणी बंद करा आणि दुकानात नेऊन बॅटरी काढून घ्या. यात चालढकल नको. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढाच, पण राउटरहून येणारी नेटवर्कची केबलही काढा. तांब्याच्या त्या तारेतूनही विजेचा झटका आत शिरतो. जुन्या घरात तिसऱ्या पिनला अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. अर्थिंग नसलेल्या भिंतीत महागडं सर्ज प्रोटेक्टर लावून विशेष उपयोग नाही. लॅपटॉप झाकण मिटलं की झोपतो, ते थांबवण्यासाठी लॉगिनडी या सेवेच्या सेटिंगच्या फाइलीत झाकणाबद्दलची ओळ "इग्नोर" करावी लागते, भाच्याने केली असेल तर ती ओळ त्याच्याकडून वहीत घ्या. खर्चाची काळजी नको: १५ वॅट खाणारा लॅपटॉप महिनाभर अखंड चालला तरी ११ युनिटच्या आसपास राहतो.

बाहेरगावच्यांना कसं द्यायचं, हा तुमचा एकच हट्ट मी सध्या मोडून काढणार आहे. पहिलं वर्षभर सर्व्हर इंटरनेटला उघडू नका. राउटरमधून एसएसएचचा २२ नंबरचा दरवाजा बाहेर खुला केला की जगभरची स्वयंचलित यंत्रं पासवर्डचे अंदाज लावत येऊ लागतात. त्यांना तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, दार दिसलं की ढकलून पाहायचं एवढंच. शिवाय फायबरच्या बऱ्याच जोडण्यांवर आपल्याला स्वतंत्र पत्ताच मिळत नाही. राउटरमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला दिसला तर कितीही दरवाजे उघडलेत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही, आणि तुम्ही आठवडाभर चूक शोधत बसाल. तूर्तास बंगळूरला एखादं भजन हवं असेल तर फाइल पाठवा. वही पक्की झाली की वायरगार्ड या सुरक्षित जोडणीच्या पद्धतीवर चालणारं टेलस्केल घाला. त्यात घरच्या माणसांची ठरावीक यंत्रंच एकमेकांना दिसतात आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. एसएसएचला पासवर्डऐवजी किल्ली मात्र आत्ताच करा, ईडी२५५१९ जातीची. तिची सेटिंग बदलताना आधीची खिडकी उघडी ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून आत जाता येतंय हे बघायचं, मगच पहिली बंद करायची.

यजमानांचं म्हणणं मी पूर्ण खोडणार नाही. तीन प्रतींतली दूरची प्रत पैसे भरून क्लाउडवर ठेवली तर ती चांगली सोय आहे, बहिणीच्या घरातल्या डिस्कइतकीच. फक्त ती एकमेव प्रत असू नये. एखाद्या वर्षी पैसे भरायचे राहिले, खातं अडकलं, तरी बाबांची पेटी घरात वाजली पाहिजे. यजमानांनाही यात एक काम द्या. महिन्यातून एकदा त्यांनी बाहेरच्या डिस्कवरचं कुठलंही एक भजन स्वत: निवडावं, ते दुसऱ्या संगणकावर तुम्ही उघडून वाजवावं, आणि वहीत तारखेसह नोंद करावी. प्रत काढणं सगळेच करतात, ती उघडून पाहणं राहून जातं.

वहीचं शेवटचं पान त्यांच्यासाठी ठेवा, मोठ्या अक्षरात: लॅपटॉप नीट बंद कसा करायचा, कोणती केबल कुठली, डिस्क कोणत्या डब्यात, दूरची प्रत कोणाकडे, भाच्याचा नंबर. तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असताना गडगडायला लागलं तर ते पान वाचून त्यांना सगळं करता आलं पाहिजे. पान लिहून झालं की एकदा तुमच्यासमोर त्यांच्याकडून करून घ्या, आणि ते जिथे थांबून विचारतील ती ओळ बदला.